सर्व्हिस सेंटरमध्ये नीट, घरी बिघडलेला: एका नव्या लॅपटॉपच्या स्क्रोलचं प्रकरण

लॅपटॉप नवा कोरा. चौदा इंची, पातळ, ॲल्युमिनिअमच्या बॉडीचा, विंडोज ११ असलेला. ज्या ताईने तो घेतला ती मिरजेत राहते, दिवसा सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते आणि रात्री घरून काही छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरते. तिची तक्रार अशी होती की दोन बोटांनी पान खाली नेताना स्क्रोल मध्येच तुटतो. पान थांबतं आणि बाण सरकायला लागतो. कधी पान एकदम मोठं होतं. कधी तर उघडलेल्या सगळ्या विंडो एका फटक्यात खाली जातात आणि समोर नुसता डेस्कटॉप उरतो. एक्सेलमधली हजारो ओळींची खरेदीची यादी पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघायची असते. त्यात ओळ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. ३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची २० तारीख तोंडावर आलेली असताना हा त्रास काय असतो, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल.

तिने लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे तो मुकाट चालला. घरी आणला, पुन्हा तेच. परत नेला, तेव्हा त्यांनी विंडोज रीसेट करून दिलं. त्यात डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते टोकन विंडोजशी जोडून चालवणारा प्रोग्रॅम) गेला, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले, मराठी टायपिंगची सगळी मांडणी गेली. आणि घरी आल्यावर स्क्रोल तुटतच होता. समोर दोष दिसतच नसेल तर सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाची अडचण होते, हे मला कळतं. पण कारण सापडलेलं नसताना विंडोज पुसणं हा उपाय नव्हे. गिऱ्हाइकाचं काम वाया जातं आणि कारण जागच्या जागी राहतं. ‘नवा लॅपटॉप बिघडला’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या हाती आधीच असं एक रीसेट झालेलं मशीन असतं.

ड्रायव्हरपासून सुरुवात

ताई लॅपटॉप घेऊन आली तेव्हा माझ्या टेबलावरही तो नीटच चालला. लांबलचक पीडीएफ वर-खाली केली, एक्सेलची शीट शेवटच्या ओळीपर्यंत नेली, ब्राउझरमध्ये फिरलो. एकदाही तुटलं नाही.

तरीही ड्रायव्हर बघितला, कारण नव्या मशीनवर स्क्रोलची तक्रार आली की बहुतेक वेळा मामला तिथलाच असतो. आजच्या लॅपटॉपमध्ये टचपॅड मदरबोर्डशी आयटूसी नावाच्या बसवरून, म्हणजे आतल्या संदेशांच्या वाटेवरून, बोलतो. विंडोजशिवाय विकलेल्या स्वस्त लॅपटॉपवर दुकानदार पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकून देतो तेव्हा या बसचा ड्रायव्हर पुष्कळदा राहून जातो. मग टचपॅड एकतर अजिबात चालत नाही, किंवा ज्या मॉडेलमध्ये माउस जोडायच्या जुन्या पीएस-टू पद्धतीची सोयही ठेवलेली असते तिथे तो साधा माउस होऊन बसतो. बाण हलतो, क्लिक होतं, दोन बोटांचा स्क्रोल मात्र नाहीच. ओळखायची खूण सोपी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस या गटात ‘आयटूसी एचआयडी डिव्हाइस’ आणि ‘एचआयडी-कम्प्लायंट टच पॅड’ या नोंदी दिसायला हव्यात. त्या नसतील, आणि माउसच्या गटात नुसता ‘पीएस-टू कम्पॅटिबल माउस’ असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा चिपसेट आणि सीरियल आयओचा (म्हणजे या बसचा) ड्रायव्हर आधी घालायचा आणि टचपॅडचा नंतर. क्रम उलटा झाला तर टचपॅडचा ड्रायव्हर घालूनही काही फरक पडत नाही, कारण खालची बसच विंडोजला दिसत नसते.

ताईच्या मशीनवर सगळं जागेवर होतं. सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या पानावर दोन बोटांच्या स्क्रोलला टिक होती, संवेदनशीलता मधल्या पायरीवर होती, पॅडवर कंपनीची पारदर्शक फिल्म राहिलेली नव्हती.

शिवाय ड्रायव्हरचा दोष पत्ता बघून येत नाही. तो सांगलीत असतो तसाच मिरजेत असतो. हे मशीन ऑफिसात, सर्व्हिस सेंटरमध्ये आणि माझ्या दुकानात, तिन्हीकडे बरोबर चाललं होतं आणि फक्त एका घरात बिघडत होतं. म्हणून लॅपटॉपमध्ये काय बिघडलंय हे शोधणं मी तिथेच थांबवलं आणि घरी काय वेगळं आहे ते विचारायला लागलो.

“ऑफिसात चार्जर लावून चालवता का?”

“हो, दोन्हीकडे लावूनच चालवते. चार्जर एकच आहे, बॅगेत घेऊन फिरते.”

म्हणजे चार्जर वाईट आहे म्हणावं तर तोच चार्जर ऑफिसात चांगला वागत होता. मग विचारलं, घरी लॅपटॉपवर हात ठेवला की काही जाणवतं का. ती जरा थांबली. “मनगटाला बारीक मुंग्या येतात, दादा. कडेवरून बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मला वाटलं, नवीन मेटल बॉडी आहे म्हणून असेल.”

हे तिने सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. स्क्रोल आणि मुंग्या यांचा एकमेकांशी संबंध असेल असं सहसा कुणाला वाटत नाही.

टचपॅडला बोट कसं दिसतं

टचपॅडच्या वरच्या काचेखाली तांब्याच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. कंट्रोलर चिप आडव्या रेषांवर एकामागून एक बारीक सिग्नल सोडते आणि उभ्या रेषांवर तो किती पोचला ते मोजते. बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतक्षेत्रातला थोडा भाग बोटाकडे वळतो आणि त्या चौकातली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जराशी घटते. हा फरक एका पिकोफॅरडहूनही, म्हणजे कपॅसिटन्सच्या एका अगदी लहान एककाहूनही, कमी असतो. एवढ्याशा फरकावरून चिप सेकंदाला शंभरेक वेळा ठरवते की पॅडवर बोटं किती आहेत आणि कुठे आहेत.

पूर्वी या माहितीचा अर्थ लावायचं काम टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर करायचा, म्हणून प्रत्येक लॅपटॉपचा स्क्रोल वेगळ्या चालीचा असे. २०१३ साली विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅडची पद्धत आली. त्यात पॅड फक्त बोटांच्या जागा कळवतो आणि स्क्रोल, झूम, तीन बोटांच्या खुणा हे सगळं विंडोज स्वतः ठरवतं. त्यामुळे ताईच्या तक्रारीतली एकेक गोष्ट उलट वाचता येते. दोन बोटांपैकी एक क्षणभर दिसेनासं झालं की विंडोजच्या लेखी एकच बोट उरतं आणि स्क्रोलच्या जागी बाण सरकतो. दोघांमधलं अंतर बदलल्यासारखं दिसलं की झूम होतो. जिथे बोटच नाही तिथे तिसरं दिसलं की खाली ओढलेल्या तीन बोटांची खूण समजून सगळ्या विंडो मिनिमाइज होतात. तिन्ही लक्षणांचं मूळ एकच: पॅडला बोटं नीट मोजता येत नव्हती. एका बोटाने बाण हलवताना ताईला विशेष त्रास नव्हता, तोही याचमुळे. एकच बोट असेल तर जागेतला थोडा थरथराट विंडोज गुळगुळीत करून घेतं, पण दोन बोटांच्या खुणेत बोटांची संख्याच चुकली तर खूणच बदलते.

आता ही मोजणी चुकते कशाने? चिप सगळं मोजते ते लॅपटॉपच्या स्वतःच्या ग्राउंडच्या, म्हणजे तो जी पातळी शून्य व्होल्ट धरतो तिच्या, तुलनेत. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला बाहेरच्या विजेशी देणंघेणं नसतं. चार्जर लावला की ते बदलतं. चार्जरच्या आत २३० व्होल्टची वीज हजारो ते लाखो वेळा दर सेकंदाला चालू-बंद करून खाली आणलेली असते. त्या चालू-बंदचा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, आणि ते तो गोंगाट अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या तारेच्या, वाटेने जमिनीत सोडतात. बहुतेक थ्री पिन चार्जरमध्ये लॅपटॉपचं ग्राउंडही त्याच अर्थच्या पिनशी जोडलेलं असतं. अर्थ असेल तर लॅपटॉप स्थिर. अर्थ नसेल तर ना गोंगाटाला वाट, ना लॅपटॉपला आधार. लॅपटॉपची सगळी बॉडीच वर-खाली होत राहते आणि टचपॅडची मोजणी, कृष्णेच्या पाण्यावर डुलणाऱ्या होडीत बसून काठाची उंची मोजावी, तशी होते. चांगल्या कंट्रोलर चिप अशा वेळी आपली मोजण्याची फ्रिक्वेन्सी बदलून बघतात. पण त्यालाही मर्यादा आहे.

हेच कपॅसिटर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) अशा दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे अर्थ सुटलेला असला की लॅपटॉपच्या धातूवर साधारण अर्धी वीज, म्हणजे शंभर व्होल्टच्या आसपास, दिसायला लागते. आकडा ऐकून धसका बसतो, पण त्यामागचा प्रवाह फार छोटा असतो, सहसा अर्ध्या मिलिअँपियरहूनही कमी. जीव जात नाही, मुंग्या मात्र येतात. ताईने सांगितल्या त्याच.

घरी

घर मिरजेच्या जुन्या भागातलं, दोन पिढ्यांपूर्वीचं. ताई जेवणाच्या लाकडी टेबलावर बसून काम करते. टेबलाखाली एक पांढरा एक्स्टेन्शन बॉक्स, त्यात चार्जरची थ्री पिन, आणि बॉक्सची स्वतःची वायर भिंतीतल्या बोर्डात गेलेली. ती वायर टू पिनची होती. असे बॉक्स बाजारात सर्रास मिळतात. वर तीन भोकांचे सॉकेट असतात, पण बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या वायरीत दोनच तारा असतात. अर्थच्या भोकामागे काहीही जोडलेलं नसतं.

चार्जर लावलेला होता. मी ताईलाच स्क्रोल करायला सांगितलं. काही ओळी पुढे गेल्या, अडकल्या, बाण उडाला, पान झूम झालं. चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढली. तीच शीट, तीच बोटं, आणि आता पान सरळ खाली. पिन लावली, पुन्हा तुटलं. ताईच्या भावाचं ठाम मत होतं की विंडोजच खराब आहे आणि आता दुकानदाराशी भांडून लॅपटॉप बदलून घ्यावा. म्हणून उबुंटू असलेला पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू केलं. असं केलं तर आतल्या विंडोजला आणि फायलींना हात लागत नाही. उबुंटूमध्ये स्क्रोलचं काम विंडोजचा कुठलाही भाग करत नाही, ते लिबइनपुट नावाची लायब्ररी बघते. तिथेही चार्जर लावला की स्क्रोल तुटला आणि काढला की जुळला. भावाची शंका तिथेच मिटली. हा प्रयोग कुणालाही करता येतो, आणि विंडोज पुसण्याआधी तो करून बघावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग एक गोष्ट करून बघितली, जी मला या प्रकारात सगळ्यात बोलकी वाटते. चार्जर लावलेलाच ठेवला, आणि ताईला डावा तळवा कीबोर्डच्या शेजारच्या धातूवर सपाट टेकवून उजव्या हाताने स्क्रोल करायला लावलं. स्क्रोल सुधारला. तळवा उचलला की बिघडला. तळवा टेकलेला असताना तिचं शरीर आणि लॅपटॉपचं ग्राउंड एकत्रच वर-खाली होत होतं, त्यामुळे बोट आणि पॅड यांच्यातला गोंगाट कमी झाला. ती लाकडी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली तर थोडा कमी त्रास, अनवाणी पाय फरशीवर टेकवले तर जास्त. “म्हणजे मी कशी बसते त्यावर आहे?” तिने विचारलं. काही दिवस बरा, काही दिवस वाईट, असं जे तिला वाटत होतं त्याचं उत्तर यातच होतं.

एक्स्टेन्शन बाजूला केलं आणि चार्जर थेट भिंतीतल्या थ्री पिनमध्ये लावला. माझी अपेक्षा होती की आता थांबेल. थांबलं नाही.

म्हणजे नुसता बॉक्सच नाही, भिंतीतला अर्थही गेलेला होता. आपल्याकडच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थचं, समोरून बघताना उजवं फेजचं आणि डावं न्यूट्रलचं. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास आकडा आला. फेज आणि अर्थमध्येही तेवढाच यायला हवा. तिथे आकडा स्थिरच होईना. हात हलवला तरी बदलत होता. डिजिटल मल्टिमीटर फार कमी करंट घेतो, म्हणून तुटलेल्या तारेवरही तो काहीतरी आकडा दाखवतो आणि माणूस फसतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला तेव्हा चित्र स्पष्ट झालं: बल्ब पेटलाच नाही. न्यूट्रल आणि लॅपटॉपची बॉडी यांच्यामध्ये शंभराच्या वर व्होल्ट होते. या दोन्ही गोष्टी मी कामाचा सराव असल्याने केल्या. वाचणाऱ्याने सॉकेटमध्ये बल्बच्या तारा घालू नयेत. ते वायरमनचं काम आहे.

अर्थ गेला कुठे

मुख्य बोर्डातून निघालेली हिरवी तार भिंतीवरून मागच्या अंगणात उतरत होती. तिच्या टोकाला गंजलेली क्लॅम्प होती आणि ती लोखंडी पाइपाच्या वीतभर तुकड्याला आवळलेली होती. त्या तुकड्याच्या पुढे पांढरा प्लास्टिकचा पाइप.

जुन्या घरांत अर्थिंग असंच घेतलेलं असे. नळाचा लोखंडी पाइप जमिनीखालून लांबवर गेलेला असायचा, त्यालाच तार बांधायची. चालूनही जात असे. मग पाइप गंजले, नळवाला आला आणि त्याने सगळी लाइन प्लास्टिकची करून दिली. पाणी सुरळीत झालं, आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग संपलं. दिवे लागतात, पंखे फिरतात, फ्रिज चालतो, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. “नळ बदलून बरीच वर्षं झाली,” घरातले काका म्हणाले, “पण हे असं काही असतं, हे आम्हाला कोणी बोललं नाही.”

मग काकूंनी सांगितलं की पावसाळ्यात वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिणतं, म्हणून त्या चप्पल घालूनच कपडे काढतात.

इथपर्यंत हे स्क्रोलचं प्रकरण होतं, इथून पुढे राहिलं नाही. लॅपटॉपच्या बॉडीवरचा करंट कपॅसिटरमधून आलेला, म्हणून मोजून-मापून छोटा असतो. गीझरचं कॉइल फुटलं, किंवा वॉशिंग मशीनच्या मोटरचं इन्सुलेशन गेलं, तर धातूवर येणारी वीज तशी मोजलेली नसते. अर्थ शाबूत असेल तर ती वीज अर्थच्या तारेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर ती माणसाची वाट बघत धातूवर थांबते. या घरात बाथरूममध्ये गीझर होता, आणि त्याचाही अर्थ त्याच प्लास्टिकच्या पाइपाशी संपत होता. त्या संध्याकाळी गीझरचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायला सांगितली, आणि वायरमन येऊन जाईपर्यंत पाणी गॅसवर तापवा म्हणालो. काकांना ते जरा जास्त वाटलं असावं. पण या एका बाबतीत मी कुणाचं मन राखत नाही.

दुरुस्ती

पहिला वायरमन आला त्याने सुचवलं, बोर्डात न्यूट्रलचीच एक तार अर्थच्या पिनला जोडून देतो, लगेच होईल. असं केलं की टचपॅड खरंच सुधारतो आणि मुंग्याही थांबतात, आणि म्हणूनच ही युक्ती फार घातक आहे. घरात येणारी न्यूट्रल कुठे तुटली किंवा सैल झाली, तर चालू असलेल्या एखाद्या बल्बातून वा पंख्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि तिथून अर्थच्या पिनमार्गे फ्रिज, मशीन, लॅपटॉप, सगळ्यांच्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट चढतात. पूर्वी वायरिंग करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर तार तुटण्याचीही गरज नाही. कुणी वायरमन हा उपाय सुचवत असेल तर त्याला नम्रपणे चहा पाजावा आणि दुसरा वायरमन शोधावा.

दुसऱ्याने काम नीट केलं. अंगणाच्या कोपऱ्यात ओल धरून राहणारी जागा बघून खड्डा घेतला, त्यात अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ थर देऊन भरलं, वर पाणी ओतायला तोंड ठेवून झाकण केलं. तिथून नवी तार मुख्य बोर्डापर्यंत आणली, आणि बोर्डातून प्रत्येक थ्री पिनपर्यंत अर्थची तार पोचते का ते एकेक सॉकेट उघडून बघितलं. दोन सॉकेटांत ती जोडलेलीच नव्हती, मुळात वायरिंग झालं तेव्हापासून. शेवटी अर्थ टेस्टरने रोध मोजला. बरोबरीने मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत एवढी तफावत पडली की हा स्विच क्षणात सप्लाय तोडतो. नवीन घरात तो सहसा असतो. जुन्या घरात मुद्दाम बसवावा लागतो, आणि माझ्या मते त्यावर केलेला खर्च लॅपटॉपवरच्या कुठल्याही खर्चाआधी यावा.

मधल्या दिवसांत ताईचं काम थांबू नये म्हणून सोय साधी होती. जेवताना आणि झोपताना चार्जिंग, काम बॅटरीवर. चार्जर लावूनच बसायची वेळ आली तर यूएसबी माउस. माउसच्या चाकाला या गोंगाटाने काही होत नाही, कारण तिथे बोटाची कपॅसिटन्स मोजायची नसते. तिची २० तारीख चुकली नाही.

अर्थिंग झाल्यावर तीच शीट, तोच चार्जर, तेच टेबल. पाय अनवाणी फरशीवर, डावा हात उचललेला, म्हणजे पूर्वी ज्या स्थितीत सगळ्यात वाईट व्हायचं ती. शीट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेली. न्यूट्रल आणि बॉडीमधला आकडा दीड-दोन व्होल्टवर आला. कडेवरून बोट फिरवलं तर नुसतं गार, गुळगुळीत ॲल्युमिनिअम. टू पिनचा एक्स्टेन्शन बॉक्स काढून टाकला आणि तीन तारांच्या वायरीचा, थ्री पिनचा आणला. चार्जर टू पिनच्या बोर्डात बसावा म्हणून मिळणारा छोटा कन्व्हर्टरही घरात होता, तोही काढायला लावला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. आता पुष्कळ पातळ लॅपटॉप टू पिनच्याच यूएसबी-सी चार्जरवर येतात. त्या चार्जरला अर्थची वाटच नसते, त्यामुळे घराचं अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी स्क्रोल तुटण्याचा त्रास होऊ शकतो. तिथे कंपनीने मान्य केलेला, त्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून बघायचा. फरक पडला तर चार्जर वॉरंटीत बदलून मागायचा, आणि मागताना ‘स्क्रोल चालत नाही’ एवढंच न सांगता ‘बॅटरीवर चालतो, चार्जरवर चालत नाही’ असं सांगायचं. शक्य असेल तर दोन्हीचा व्हिडिओ दाखवायचा. या एका वाक्याने सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाचंही काम सोपं होतं.

उरलेल्या दोन तक्रारी

मोठा दोष गेल्यावर त्याच्याआड दडलेल्या छोट्या तक्रारी वर आल्या.

पहिली दिशेची. ताईच्या जुन्या लॅपटॉपवर बोटं खाली ओढली की पान पुढे जायचं. नव्यावर उलट, बोटं वर नेली की पान पुढे जातं, मोबाइलसारखं. २०११ साली ॲपलने मॅकवर ही दिशा आणली आणि आता विंडोजच्या टचपॅडवरही बहुधा तीच ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या पानावर स्क्रोल आणि झूमच्या भागात दिशा बदलता येते. विंडोजवर त्याने माउसच्या चाकाची दिशा बदलत नाही. मॅकवर मात्र दोन्ही एकत्र बदलतात, आणि घरी मॅक व ऑफिसात विंडोज वापरणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

दुसरी जरा चिवट निघाली. ताई एका व्यापाऱ्यासाठी स्टॉकचा फार जुना प्रोग्रॅम वापरते. त्यात दोन बोटं हळू फिरवली तर यादी हलतच नाही, जोरात फिरवली तर एकदम उडी मारते. अर्थिंगशी याचा संबंध नाही. माउसचं चाक एक खट झालं की विंडोज प्रोग्रॅमला १२० हा आकडा पाठवतं. प्रिसिजन टचपॅड बोटांच्या बारीक हालचालीला त्याहून खूप लहान आकडे पाठवतो. नवे प्रोग्रॅम ते साठवून बेरीज करतात. जुना प्रोग्रॅम प्रत्येक आकड्याला १२० ने भागतो, पूर्णांकात उत्तर शून्य येतं, आणि तो समजतो की काहीच झालेलं नाही. हा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच सुधारायचा आहे. टचपॅडच्या कुठल्याही सेटिंगने तो जात नाही. ज्याने तो प्रोग्रॅम लिहून दिला त्याला ताईने हे कारणासकट कळवलं आहे. सुधारून येईपर्यंत त्या एका यादीसाठी ती माउस काढते. बाकी सगळं काम टचपॅडवर, चार्जर लावून.